कणीची मऊ मऊ माती

एक होतं पिल्लू. कोंबडीचं पिल्लू. पिवळं पिवळं, एवढुसं.

तिचं नाव कणी. तांदूळ निवडला की खाली कणी उरते ना? तेवढीच ती, म्हणून कणी.

कणी राहायची शाळेच्या कुंपणापाशी. शाळेला होतं पटांगण. पटांगणात होती माती. माती कशी? चाळलेल्या पिठासारखी. मऊ मऊ!

रोज दुपारी कणी त्या मातीत लोळायची. इकडून तिकडे, तिकडून इकडे. माती अंगावर, पिसू अंगाबाहेर! कोंबड्यांची आंघोळ अशीच असते बरं का. पाणी नको, साबण नको, नुसती माती.

एके दिवशी काय झालं?

कणीच्या पंखात पिसू शिरली. चावली, कुटुकुटु!

कणी मातीत लोळायला गेली. तर माती कडक! फरशीसारखी टणक!

इकडे लोळली, टाण्! तिकडे लोळली, टाण्!

पिसू हसली. चावली, कुटुकुटु!

कणीने मान ताठ केली. म्हणाली,
"पटांगणा, पटांगणा, मऊ माती दे."

पटांगण म्हणालं, "का गं पिल्ला?"

"पिसू काही जाईना.
आणि मी काही हटणार नाही!"

पटांगण म्हणालं, "मी एकटं काय करू? मुलं येतात, लंगडी घालतात, माझी माती मऊ करतात. पंधरा दिवस झाले, एक पाऊल पडलं नाही. मुलं आली तर माती मऊ. नाहीतर नाही!"

कणी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

मुलं होती वर्गात. रांगेत बसलेली, गप्प बसलेली. खिचडीसुद्धा वर्गातच खाल्लेली. जाईला येत होती जांभई. सुलतानचा पाय हलत होता, आपोआप.

कणी खिडकीत चढली. म्हणाली,
"मुलांनो, मुलांनो, खेळायला चला."

जाई म्हणाली, "का गं पिल्ला?"

"माती मऊ होईना.
पिसू काही जाईना.
आणि मी काही हटणार नाही!"

सुलतान म्हणाला, "शूऽऽ! हळू बोल. आम्हाला काय, नको आहे खेळायला? पण घंटा झाली तर येऊ. नाहीतर नाही!"

कणी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

घंटा होती चिंचेला टांगलेली. लोखंडाची, जाडजूड. तिच्यावर कोळ्याने जाळं विणलेलं.

कणी म्हणाली,
"घंटाताई, घंटाताई, वाज ना गं."

घंटा म्हणाली, "का गं पिल्ला?"

"मुलं येईनात.
माती मऊ होईना.
पिसू काही जाईना.
आणि मी काही हटणार नाही!"

घंटा म्हणाली, "माझं मला वाजता येतं का? मामांनी टोला दिला तर वाजेन. नाहीतर नाही!"

कणी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

शाळेचे शिपाई सावळामामा. बसले होते स्टुलावर. मांडीवर हातोडी, हातोडीवर हात, हातावर हनुवटी.

कणी म्हणाली,
"मामा, मामा, टोला द्या."

मामा म्हणाले, "का गं पिल्ला?"

"घंटा वाजेना.
मुलं येईनात.
माती मऊ होईना.
पिसू काही जाईना.
आणि मी काही हटणार नाही!"

मामा म्हणाले, "माझा हात शिवशिवतोय गं. पण मोठ्या बाई हो म्हणाल्या तर देईन. नाहीतर नाही!"

कणी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

मोठ्या बाई उभ्या होत्या फळ्यापाशी. बाई वाईट नव्हत्या हं. नुसत्या काळजीत होत्या. हात खडूने पांढरे, कपाळावर आठ्या.

"सात साते?" बाईंनी विचारलं.

"सात साते... सात साते... अं..." जाई म्हणाली.

"बघा! पाढे येईनात आणि म्हणे मधली सुट्टी!"

कणी दारातून आत आली. म्हणाली,
"बाई, बाई, मधली सुट्टी द्या."

बाई म्हणाल्या, "का गं पिल्ला?"

"मामा टोला देईनात.
घंटा वाजेना.
मुलं येईनात.
माती मऊ होईना.
पिसू काही जाईना.
आणि मी काही हटणार नाही!"

बाई म्हणाल्या, "मुलांच्या डोक्यात पाढे मावले तर सुट्टी. नाहीतर नाही!"

मग कणी कुठे गेली? लांब नाही. तिथेच फळ्याखाली.

फळ्याखाली बसले होते पाढे. सातचा पाढा, आठचा पाढा, नऊचा पाढा. मुलांच्या डोक्यात चढायचे, आणि टुपकन खाली पडायचे. चढायचे, टुपकन पडायचे. बिचारे दमले होते.

कणी म्हणाली,
"पाढ्यांनो, पाढ्यांनो, डोक्यात मावा ना."

सातचा पाढा म्हणाला, "का गं पिल्ला?"

"बाई ऐकेनात.
मामा टोला देईनात.
घंटा वाजेना.
मुलं येईनात.
माती मऊ होईना.
पिसू काही जाईना.
आणि मी काही हटणार नाही!"

सातचा पाढा म्हणाला, "आत जागाच नाही! सकाळपासून भरतायत, भरतायत. जागा झाली तर मावू. नाहीतर नाही! जागा कशी करायची ते गुलाबशेठना विचार. त्यांच्या दुकानात सगळं मावतं."

कणी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पिसू चावली, कुटुकुटु! कणी थांबली नाही.

गुलाबशेठचं किराणा दुकान शाळेसमोरच. इकडे गूळ, तिकडे साबण, वर टांगलेले झाडू.

शेठ भरत होते यमुनाकाकूंचा डबा. पत्र्याचा मोठा डबा. ज्वारी ओतली, ओतली, ओतली. डबा भरला काठोकाठ. पण ज्वारीचा ढीग अजून बाहेरच!

यमुनाकाकू म्हणाल्या, "अहो शेठ, दर महिन्याला एवढीच ज्वारी नेते मी. याच डब्यात नेते."

शेठ म्हणाले, "मग डबा आखडला असेल, काकू!"

"डबा आखडतो होय? थट्टा पुरे!"

कणी तराजूवर चढली. पारड्यात बसली. म्हणाली,
"शेठ, शेठ, जागा करायला चला."

शेठ म्हणाले, "का गं पिल्ला?"

"पाढे मावेनात.
बाई ऐकेनात.
मामा टोला देईनात.
घंटा वाजेना.
मुलं येईनात.
माती मऊ होईना.
पिसू काही जाईना.
आणि मी काही हटणार नाही!"

शेठ म्हणाले, "येईन की. पण गिऱ्हाईक सोडून कसा येऊ? काकूंची ज्वारी डब्यात मावली तर येईन. नाहीतर नाही!"

कणीने पारड्यातून उडी मारली. टुणुक! थेट डब्यापुढे.

"डब्या, डब्या, ज्वारी मावू दे."

डबा म्हणाला, "का गं पिल्ला?"

"शेठ येईनात.
पाढे मावेनात.
बाई ऐकेनात.
मामा टोला देईनात.
घंटा वाजेना.
मुलं येईनात.
माती मऊ होईना.
पिसू काही जाईना.
आणि मी काही हटणार नाही!"

डबा म्हणाला, "पोट भरलं माझं! गळ्यापर्यंत आलं! आता एक दाणा नको!"

आता? आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं.

पिसू चावली, कुटुकुटु, कुटुकुटु!

कणी रडली का? नाही. परत गेली का? मुळीच नाही. ती चढली डब्यावर. म्हणाली, "मग मी इथेच बसते!"

आणि लागली अंग खाजवायला. एका पायाने खाजव, दुसऱ्या पायाने नाच. खरखर, टुणुक! खरखर, टुणुक!

डब्याला झाल्या गुदगुल्या!

"अगं, अगं! नको! हीऽऽ हीऽऽ हीऽऽ!"

डबा हसला. डबा हलला. खुळुखुळु! खुळुखुळु! खुळुखुळु!

आणि काय गंमत! ज्वारी बसली खाली. वर झाली जागा!

शेठनी उरलेली ज्वारी ओतली. सगळी मावली. वर झाकणही बसलं, टप्!

शेठनी कपाळावर हात मारला. "अरेच्चा! जन्म गेला डबे भरण्यात. आणि आज घाईघाईत डबा हलवायचाच राहिला!"

"आणि म्हणे डबा आखडला!" यमुनाकाकू म्हणाल्या.

कणीने मान तिरकी केली. "शेठ, हलवलं की जागा होते?"

"होते की!"

"मग मुलांनाही हलवायला हवं!"

शेठ कणीकडे बघतच राहिले. मग त्यांनी डबा घेतला खांद्यावर आणि निघाले शाळेत. पुढे कणी, तुरुतुरु. मागे शेठ, झपाझपा. त्यांच्या मागे यमुनाकाकू, "अहो, माझा डबा! माझा डबा!"

शेठनी डबा ठेवला बाईंच्या टेबलावर. धप्!

"नमस्कार, बाई. हा डबा बघा. मघाशी यात एक दाणा मावत नव्हता. मग हा हसला, हलला, आणि ढीगभर ज्वारी मावली."

"खरंय हो बाई. माझाच डबा आहे!" काकू म्हणाल्या.

बाईंनी डब्याकडे पाहिलं. मग मुलांकडे पाहिलं. जाईचे डोळे मिटत होते. पाढे खाली पडत होते, टुपकन, टुपकन.

बाई म्हणाल्या, "बरं. आजच्या दिवस सुट्टी."

कणीने पाय आपटला. "आजच्या दिवस नाही! रोज! पिसू रोज येते!"

शेठ म्हणाले, "बरोबर बोलतंय पिल्लू. आज डबा हलवला म्हणून पुढच्या महिन्यात चालत नाही, बाई. भरायचा तेव्हा हलवायचा."

बाईंच्या आठ्या गेल्या. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, 'मधली सुट्टी. रोज.'

मग काय झालं?

ज्वारी मावली.
शेठ आले.
बाईंनी ऐकलं.
मामांनी टोला दिला.
घंटा वाजली, टण् टण् टण्!
मुलं आली, धूम धूम धूम!

लंगडी घातली. पकडापकडी केली. सुलतान पडला, उठला, पुन्हा पळाला. जाई एवढं हसली, एवढं हसली, की तिला उचकी लागली.

माती उडाली. माती झाली मऊ मऊ!

कणी लोळली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. माती अंगावर...

आणि पिसू? पिसू गेली! टुणुक!

आणि पाढे? विसरलो नाही हं. मुलं परत वर्गात आली. गाल लाल, डोळे टपोरे. पाढे चढले डोक्यात. एकही खाली पडला नाही.

"सात साते?" बाईंनी विचारलं.

"एकोणपन्नास! हिक्!" जाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली. बाई शिकवत होत्या. शिकवता शिकवता विसरल्या. मामा स्टुलावर, हातोडी मांडीवर.

तेवढ्यात दारात कोण आलं? तुरुतुरु, तुरुतुरु.

"बाई, बाई!
आणि मी काही हटणार नाही!"

बाई हसल्या. म्हणाल्या, "मामा, द्या टोला!"

टण्! टण्! टण्!

कणीला मिळाली माती, गोष्ट आली काठोकाठ. आता उठा बाळांनो, हला जरा. खुळुखुळु! खुळुखुळु!