कुसवंड्याच्या गोठ्यातली माती

नदीच्या पायऱ्या जरा जपून उतरा, मंडळी. दगड काळाभोर आहे, घोटून गुळगुळीत केलेला, आणि शहाण्यासुरत्यांना पाडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. असला देखणा दगड नदीवर, आणि वर निनाईदेवीच्या गोठ्यात मात्र नुसती माती. ते पाहून येणारा प्रत्येक जण विचारतो, अहो, एवढ्या म्हाताऱ्या गाई सांभाळता, मग खाली फरशी का घालत नाही? घातली होती. ह्याच दगडांची घातली होती. ती कुणी घातली नि कुणी उखडली, ते आता बसून ऐका.

फार जुनी गोष्ट. कुसवंड्यात गोजराबाई म्हणून एक विधवा होती असं सांगतात. घर खाऊनपिऊन सुखी, जीभ तिखट, आणि सगळा जीव एकुलत्या एका लेकात, सुभानात. लग्नाच्या वयाला आलेला हा सुभाना शेवरीचा पाला काढताना झाडावरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. वैदू झाले, मालिश झाली, गुण येईना. तेव्हा गोजराबाईनं निनाईपुढं पदर पसरला. देवीला सोडलेल्या भाकड गाई पावसाळाभर गुडघाभर चिखलात उभ्या असायच्या, ते तिला जाता-येता दिसायचं. ती म्हणाली, "आई, माझ्या लेकाला चालव. तुझ्या गाईंच्या पायाखाली मी चिरेबंदी फरशी घालीन."

सुभाना चालला म्हणे. आधी भिंतीला धरून, मग काठी टेकत, आणि दिवाळीला नुसता. गोजराबाईनं लगोलग पाथरवट बोलावले आणि गोठ्यात अशी फरशी घातली की तिच्यात तोंड दिसावं. रोज ती स्वतः पाणी ओतून ती धुवायची. गावानं तोंडात बोटं घातली.

गाईंना मात्र हे ऐश्वर्य मानवेना. दार उघडलं की त्या बाहेरच्या उकिरड्यावर जाऊन बसायच्या. लोक हसून म्हणायचे, गाढवाला गुळाची चव काय. गोजराबाईचा तर तिळपापड व्हायचा. ती काठी घेऊन त्यांना आत हाकलायची आणि दार ओढून घ्यायची. चिखल गेला होता, ह्यात काही खोटं नाही. पण ओल्या दगडावर खूर निसटायचे, उठताना गुडघे सोलून निघायचे, म्हणून गाई आत बसायच्याच नाहीत. उभ्या राहून राहून खूर सुजले. एक लंगडायला लागली, मग दुसरी, मग निम्मा गोठा.

शेवटी मोरी पडली. मोरी म्हणजे गोजराबाईच्या घरचीच गाय. तिच्या दुधावर सुभाना वाढला होता आणि म्हातारपणी तिला देवीला सोडली होती. ती पडली ती उठेना. गोजराबाई तिच्या अंगावर हात ठेवून शेजारी फरशीवर आडवी झाली. थोड्याच वेळात दगड हाडांना लागायला लागला, कूस बदलली तर कोपर खरचटलं. तेव्हा तिला कळलं, गाई उकिरड्यावर का जात होत्या. "आणि मी तुम्हाला काठीनं आत आणत होते ग," असं म्हणून ती तिथंच रडली.

फरशी काढायची म्हटल्यावर गाव आडवं आलं. गुरव म्हणाला, "बाई, फेडलेला नवस उकरायचा नसतो. दगड काढलास तर पोराचे पाय जातील." झालं, इकडं आड तिकडं विहीर. तिनं देवीला कौल लावला. मूर्तीला दोन कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर काढ, डावी पडली तर काढू नको. सकाळ टळली, दुपार टळली, कळ्या जागच्या हलल्या नाहीत. देवी बोललीच नाही.

सुभाना म्हणाला, "आई, देवी दिलेले पाय परत मागणारी असती, तर तिनं दिलेच नसते." बोलणं खरं होतं, पण आईचं काळीज ते, त्याला खरं-खोटं कुठं कळतं? तिनं त्याला घरात बसवलं, उंबरा ओलांडू नको म्हणून शपथ घातली, आणि देवळात जाऊन म्हणाली, "चूक माझी, पाय पोराचे. काय घ्यायचं ते माझ्याकडनं घे."

मग तिनं पहार उचलली. कुणी मदतीला येईना. पहिला चिरा तिनं एकटीनं उचकटला, दुसरा उचकटला, आणि तिसरा निसटून थेट तिच्या पायावर आला. ओरडा ऐकून लोक धावले. रक्ताकडं न बघता तिनं आधी विचारलं, "सुभाना कुठाय?" कुणीतरी म्हणालं, "शपथ मोडली की त्यानं. तो बघ, नदीवरनं गाळाची पाटी डोक्यावर घेऊन चढण चढतोय." गोजराबाई हसत होती की रडत होती ते कुणालाच कळेना. मग गावानंच दगड काढून नदीवर नेले. घसरायचंच असेल तर माणसं घसरू देत, म्हणाले.

मोरीखाली मऊ गाळ पसरला, खुरांना हळद-निंबाचा लेप बांधला, रोज तिची कूस बदलली, आणि एक दिवस ती उठली. लंगडत का होईना, चालली. गोजराबाईचा पाय मात्र वाकडाच बसला. कुणी हळहळलं की ती म्हणायची, "देवीनं माझं ऐकलं, त्याची ही खूण आहे. रडता काय?" आता देवीनं पाय घेतला, की चिरा कुणाच्याही पायावर पडतो तसा पडला, हे निनाईच जाणे. गोजराबाईनं मात्र मरेपर्यंत तिचे आभारच मानले.

त्या वसुबारसेला ती आणि मोरी, दोघी लंगडत देवळाला प्रदक्षिणा घालायला निघाल्या. मागं अख्खं गाव होतं. पुढं जायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आजही वसुबारसेला सगळ्यात लंगडी गाय पुढं असते आणि गाव तिच्या चालीनं चालतं. नवी सून घाईत पुढं गेली तर सासू तिचा पदर धरून मागं ओढते.

आणि ह्या गोठ्यात आजही कुणी नवस बोलत नाही. ज्याला काही लाभलं, कुणाचं पोर बरं झालं, कुणाचं माणूस सुखरूप घरी आलं, तो नदीवरनं पाटीभर माती आणतो, गोठ्यात पसरतो आणि गप्प उभा राहतो. एखादी गाय येते, माती हुंगते आणि पाय दुमडून तिच्यावर बसते. ती रवंथ करायला लागली की समजायचं, आभार पोचले.