निर्माल्याचा दोरा

तालुक्याच्या गावातल्या जुन्या पेठेत त्र्यंबकशेठ नावाचे गुळाचे व्यापारी राहत होते. भाविक माणूस म्हणून त्यांचा मोठा लौकिक होता. रोजची पूजा ते स्वतः करत आणि देवघराला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत.

त्यांच्या स्वयंपाकघरात बेसिनखाली एक यंत्र बसवलेलं होतं. ताटातलं खरकटं आत लोटायचं, नळ सोडायचा, बटण दाबायचं. यंत्र सगळं दळून पाण्याबरोबर वाहून नेई. साऱ्या पेठेत असं यंत्र दुसरं नव्हतं. पाहुणे आले की शेठ आधी देवघर दाखवत आणि मग यंत्र.

एका सकाळी यंत्र थोडं घुरघुरलं आणि बंद पडलं. बेसिन तुंबलं. आमटीचं पाणी वर आलं.

अशा वेळी काय करावं, हे अवघड नाही. वीज बंद करावी, चिमटा घ्यावा आणि आत काय अडकलंय ते काढून बघावं. शेठनी यातलं काहीच केलं नाही. यंत्रातला दोष शोधण्याआधी त्यांनी दोषी माणूस शोधला. तो लांब नव्हता. मथुरा त्यांच्याकडे कितीतरी वर्षं भांडी घासत होती.

"काय टाकलंस आत?" शेठनी विचारलं.

"रोज टाकते तेच, शेठ. खरकटं. उघडून तर बघा."

"उघडून काय बघायचं? तुम्हा लोकांना यंत्राची किंमत काय कळणार."

'तुम्हा लोकांना' हे शब्द नीट ऐकून ठेवावेत. ते आले की चौकशी संपते.

मथुराने पदर खोचला आणि ती निघाली. शेठ तेवढ्यावर थांबले नाहीत. घराच्या पायरीवर येऊन, सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "हिच्या हाती वस्तू देऊ नका. मोडते, आणि वर खोटं बोलते."

पायरीसमोर शेजारणी भाजी घेत उभ्या होत्या. त्यांतल्या दोघींकडेही मथुरा कामाला जात होती. संध्याकाळपर्यंत दोघींनी तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. यंत्र कुणी उघडून पाहिलं का, हे एकीनेही विचारलं नाही. शेठसारखा देवमाणूस बोलला, म्हणजे खरंच असणार. मथुराची चूल या तीन घरांवर पेटत होती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्याने यंत्र उघडलं आणि आतून ओला गुंता ओढून काढला. "हाराचा दोरा आहे, शेठ. आणि नारळाची शेंडी. पात्यांना गच्च आवळून बसलंय."

शेठचा चेहरा उतरला. देवावरची कालची फुलं कचऱ्याच्या डब्यात टाकायला त्यांचा हात धजत नसे. नदी लांब होती. बेसिनमध्ये मात्र वाहतं पाणी होतं. म्हणून रोज पूजेनंतर ते निर्माल्य तिथेच सोडत आणि वर हात जोडत. वाळक्या फुलांना कचरा म्हणवत नव्हतं त्यांना. एका जित्या बाईचं नाव मात्र त्यांनी सहज कचऱ्यात टाकलं होतं.

शेठच्या पत्नी कुमुदिनीबाई दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, बोलवा तिला."

"बोलावतो. पण गवगवा नको."

मागच्या बोळाने शेठ मथुराच्या दाराशी गेले. हातात नवी साडी होती. "झालं गेलं विसर. उद्यापासून ये."

"काय निघालं यंत्रातनं?" मथुराने विचारलं.

"जाऊ दे ना आता ते."

"मला खोटारडी म्हणालात ते पायरीवर उभं राहून. आणि आता बोळातनं येऊन कानात सांगताय होय? जिथं बोललात तिथंच शब्द मागं घ्या. साडी राहू दे, मला माझी घरं परत पाहिजेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ पायरीवर आले. शेजारणी भाजी घेत होत्या. मथुराही येऊन बाजूला उभी राहिली. मथुराचं काम बंद करणाऱ्या दोघींपैकी समोरच्या इंदूवहिनींनी विचारलं, "शेठ, झालं का सुरू यंत्र? काय बिघडलं होतं?"

शेठनी घसा खाकरला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. एका वाक्याचं काम होतं.

"किरकोळ होतं," ते म्हणाले.

"किरकोळ नव्हतं." कुमुदिनीबाई आतून पुढे आल्या. त्यांच्या हातात तो दोरा होता. "हे अडकलं होतं. हाराचा दोरा. आमच्या देवघराला यांच्याशिवाय कुणी हात लावत नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. मथुराने काही मोडलं नाही. ती खोटंही बोलली नाही. खोटं आमच्या घरातून निघालं."

भाजीवालीने तराजू खाली ठेवला. मग इंदूवहिनी मान खाली घालून म्हणाल्या, "मथुरा, उद्या येशील ना गं?" मागोमाग दुसऱ्या शेजारणीनेही तेच विचारलं.

"येईन," मथुरा म्हणाली.

"आणि आमच्याकडे?" शेठनी हळूच विचारलं.

"तुम्ही अजून काही बोलला नाहीत, शेठ."

शेठनी एकदा पेठेकडे बघितलं. मग ते आत निघून गेले.

यंत्र आता छान चालतं. पूजाही रोज होते. पण मथुरा त्या घराची पायरी पुन्हा चढली नाही. बेसिनमध्ये खरकट्या भांड्यांचा ढीग पडलेला असतो आणि तो उपसायला शेठचा देव काही येत नाही.

तात्पर्य: दोष देण्याआधी उघडून बघावं. आणि चारचौघांत कुणाचं नाव मळवलं असेल, तर दाराआड माफी मागून ते धुतलं जात नाही. जिथे मळवलं, तिथेच उभं राहून स्वतःच्या तोंडाने धुवावं लागतं.