बुडालेल्या होड्यांची तक्रार

कोळीवाड्याच्या समाजमंदिरात राजाध्यक्ष साहेबांचं व्याख्यान होतं. साहेब शिंपल्यांच्या भुकटीपासून केलेलं कॅल्शियम विकत. त्यांच्या नावापुढे तीन पदव्या होत्या. त्यांतली एकही औषधाची नव्हती, पण सूट उत्तम होता.

पहिल्या रांगेत येसू त्या कॅल्शियमचा डबा घेऊन बसली होती. तिची मूत्रपिंडं अधू होती आणि असलं काही न विचारता घेतलंस तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण हाडं ठणकत होती आणि साहेब गोड बोलत होते.

तिची थोरली जाऊ चांगुणाबाई उठली. "साहेब, यात शिसं आहे का, ते तपासलंय? अधू मूत्रपिंडाच्या माणसांना देऊन पाहिलंय?"

"अहो बाई, समुद्रातलं ते शुद्धच!" साहेबांनी पत्रांचा गठ्ठा उंचावला. "घेणाऱ्यांची ही तीनशे पत्रं. एकाचीही तक्रार नाही. आणखी काय पुरावा हवा?"

टाळ्या पडल्या. येसूने डब्याचं झाकण उघडलं.

"खरंय," चांगुणाबाई म्हणाली. "आमच्या बंदरावर परत आलेल्या होड्यांना विचारा. सगळ्या सांगतील, दर्या फार चांगला. बुडालेल्या होडीची तक्रार आजवर एकही आलेली नाही. माझा नवरा गेला, त्या होडीचीही नाही."

येसूने डबा टेबलावर ठेवला आणि जावेचा हात धरून ती बाहेर पडली. मागोमाग बाकीच्या बायकाही उठल्या. साहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले.