पहिल्या पानाचा मान

फार पूर्वी दोन राज्यांच्या सीमेवर, नदीकाठी, महादेवाचे एक गाव होते. गाव लहान, पण त्याचा घाट मोठा मोलाचा. कारण चोरटी अफू तिथूनच नदीपार होई. ऐलतीरावर एका नायकाची टोळी, पैलतीरावर दुसऱ्याची. घाट कोणाचा, यावरून तलवारी चालत. मरत मात्र हाताखालची तरणी माणसे.

गावात एक आचारी होता. देवाचा भंडारा वर्षानुवर्षे तोच रांधी. उत्सव तोंडावर आला, तसा ऐलतीरचा नायक त्याच्या चुलीपाशी येऊन बसला. कमरेची पुरचुंडी काढून त्याने पुढे ठेवली.

"आचारीबुवा, ही अफू खिरीत जाऊ दे. एकदा चटक लागली की गाव माझं आणि घाटही माझा."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर पळी धरायला हात राहणार नाहीत."

आचाऱ्याने आपल्या हातांकडे पाहिले, मग देवळाच्या कळसाकडे.

"मी देवळाची रीत तेवढी सांगतो, नायक. भंडाऱ्याला ज्याने जे आणलं, ते आधी त्याच्याच पानावर वाढायचं. त्याने घास घेतला की मग पंगत."

नायकाला त्यातले 'आधी' एवढेच ऐकू आले. "म्हणजे पहिलं पान माझं?"

"तुमचं."

मिशीवरून हात फिरवीत तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पैलतीरचा नायक आला. पुरचुंडी तशीच, धमकी तशीच. आचाऱ्याने रीतही तीच सांगितली. "मात्र ऐलतीरच्या नायकाच्या मांडीला मांडी लावून बसावं लागेल."

"बसेन. पण त्याच्या उजवीकडे."

उत्सवाला सारे गाव लोटले. पायताणे आणि हत्यारे देवळाबाहेर ठेवून दोन्ही टोळ्याही बसल्या. आचाऱ्याने नैवेद्य दाखवला आणि पहिल्या दोन पानांवर ज्याची त्याची पुरचुंडी सोडून ठेवली. त्याचा हात कापत होता. आवाज स्वच्छ होता.

"नायकांनी आणलेली अफू नायकांच्या पानावर वाढली आहे. खिरीत तिचा कण नाही. त्यांनी घास घेतला की सर्वांनी हरहर महादेव म्हणावं."

कोणी हलेना. मुले खिरीकडे पाहत होती.

"घ्या ना, नायक," पंगतीतली एक म्हातारी म्हणाली. "पोरं खोळंबलीत."

ऐलतीरचा नायक खाकरला. "मला ती चालत नाही, आजी. पित्त होतं."

"मग तुम्ही घ्या," ती दुसऱ्याला म्हणाली.

"आमच्या घरी अफूला कोणी शिवत नाही. देवाधर्माचं घर आहे."

"बरं झालं सांगितलंत. आमची घरं कशाची वाटली तुम्हाला?"

कोणीतरी फिसकन हसले. मग सगळी पंगत हसू लागली. नायकांची माणसे मात्र हसली नाहीत. त्यांतला एक गडी आपल्या नायकाकडे रोखून पाहत म्हणाला, "धनी, एक घास घ्या. माझा भाऊ हिच्यापायी गेला."

नायकाने मान खाली घातली आणि भरल्या पंगतीतून तो उठला. दुसराही उठला. त्यांच्यामागे एकही माणूस उठला नाही.

नदीवर नाव होती, नावाडी पंगतीत होता. एकमेकांचे तोंड न पाहता दोघांनी एकाच नावेची वल्ही मारली. त्या घाटावर ते पुन्हा कोणाला दिसले नाहीत.

इकडे आचाऱ्याने अफू खोल खड्ड्यात पुरली, हात धुतले आणि खिरीची पळी उचलली. हरहर महादेवाचा गजर झाला. काल एकमेकांवर धावून गेलेले गडी आज एकमेकांना आग्रह करीत होते. शेवटी म्हातारीने आचाऱ्याचे पान वाढले.

"बुवा, हात अजून कापतोय तुमचा."

"आहे म्हणून कापतोय, आजी. वाढा तुम्ही."

तात्पर्य: जे आपल्या पानात घ्यायला आपण धजत नाही, ते दुसऱ्याच्या पानात वाढू नये.