चिवट किड्यांचा धडा

सांगा मंडळी, विश्वास कशावर ठेवायचा, खुर्चीवर की डोळ्यांवर?

आमच्या गावच्या शाळेत कालिंदीबाई शिकवायच्या की, सजीव निसर्गनियमाने हळूहळू बदलत गेले. शाळेचे अध्यक्ष दादासाहेब खवळले. धान्याला लावायच्या कीडनाशक पावडरीचा त्यांचा कारखाना. मी धान्याचा व्यापारी; माझ्याच गोदामात गावाची सभा बोलावून त्यांनी बजावलं, "देवाच्या मर्जीशिवाय जीव बदलत नाही! हा धडा बंद, नाहीतर नोकरी बंद!"

बाई डगमगल्या नाहीत. त्यांनी पोत्यातला मूठभर गहू दादासाहेबांपुढे धरला. त्यात सोंडकिडे वळवळत होते.

"दादासाहेब, तुमची पावडर लावूनही हे जिवंत कसे? पावडरीत खोट आहे का?"

"खोट? अहो, पूर्वी पटापट मरायचे! त्यातले चिवट तेवढे वाचले, आता त्यांचीच पिलावळ माजलीय!"

"माझा धडा तुम्हीच शिकवलात की! आणि देवाचीच मर्जी म्हणत असाल, तर त्याने हे किडे तुमच्या पावडरीविरुद्ध घडवले, असं होतं. फळ्यावर काय लिहू?"

सभेत खसखस पिकली. दादासाहेब पुटपुटले, "शिकवा बाई, पण पावडरीचं नाव नको."

देवाला मीही रोज हात जोडतो. पण बाबांनो, हिशेब चोख ठेवा. गोदामात खरं धरलेलं शाळेत खोटं मांडू नका.