शिंगातली बारूद

एका गडाच्या पायथ्याशी सटवा कातारी राहत असे. शिपायांची बारूद ठेवायची शिंगं तोच करी. म्हशीचं शिंग तासून, बुडाला लाकूड ठोकून झालं की तो त्यात पाणी भरून ते रात्रभर दाराला टांगे. सकाळी उंबरा कोरडा दिसला, तरच ते शिंग शिपायाच्या हाती जाई.

श्रावणात खिंडीत चकमक झाली, तेव्हा गडावरच्या शिपायांच्या बंदुका उडाल्याच नाहीत. मेलेल्यांत सटवाचा एकुलता एक मुलगा सुभान होता.

तेराव्याआधीच किल्लेदार हैबतरावाने सटवाला सदरेवर बोलावलं. "तुझी शिंगं गळकी. बारूद भिजली, म्हणून माणसं गेली."

सटवाने कमरेचं सुभानचं शिंग सोडलं. "कोठारातली कोरडी बारूद यात भरून द्या, सरकार. ती तरी चांगली आहे ना?"

"डोंगर उडवील अशी आहे," हैबतराव म्हणाला.

शिंग भरून आलं. सटवाने ते छातीशी धरलं आणि कोनाड्यातली पणती उचलून त्याच्या तोंडाला लावली. सदरेवर एकच पळापळ झाली. कारकून खांबांमागे दडले, भालदार पायऱ्या उतरून गेले. हैबतराव मात्र लोडाला टेकून पान चघळत राहिला.

बारूद कसली, शिंगाच्या तोंडाशी कोळशाची भुकटी नुसती धुमसली.

"सगळे पळाले, सरकार," सटवा म्हणाला. "तुम्ही तेवढे जागचे हलला नाहीत. तुम्हाला ठाऊक होतं."

हैबतरावाचं चघळणं थांबलं.

सटवाने काजळलेलं शिंग धोतराच्या सोग्याने पुसलं. "एवढं माझ्या पोराला आधी सांगायला हवं होतं तुम्ही. तोही खिंडीतून पळाला असता."