दहा पावसाळे

नगराध्यक्षांचे मेहुणे असल्याने गॅरेजवाल्या भाऊसाहेब गुंजाळांच्या वाटेला कुणी जात नसे. ट्रकचं काळं ऑइल ते अंगणातल्या पावसाळी गटारात खुशाल ओतायचे. खालच्या तळ्यातल्या पाण्याला म्हशी तोंड लावेनात, तेव्हा नगरपालिकेच्या मुकादम शेवंताबाई नियमाचा कागद घेऊन आल्या. या गटारात पावसाच्या पाण्याशिवाय काही सोडायचं नाही, असा नियम होता.

गुंजाळ खुर्चीतून हललेही नाहीत. "बाई, हे गटार दहा वर्षं बुजलेलं आहे. इथला थेंबही तळ्यात जात नाही."

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे शेवंताबाईंना ठाऊक होतं. "तसं लेखी द्या," त्या म्हणाल्या.

गुंजाळांनी ऐटीत लिहून सही ठोकली. कागद पिशवीत ठेवून शेवंताबाईंनी फाटकापाशी उभ्या असलेल्या गड्यांना हाक मारली, "सिमेंट कालवा रे! हे बुजलेलं गटार कायमचं बंद करायचंय."

गुंजाळ ताडकन उठले. "अहो, थांबा! पावसात माझ्या अंगणातलं पाणी जाणार कुठं?"

"मीही तेच विचारतेय, भाऊसाहेब," शेवंताबाई म्हणाल्या. "दहा पावसाळे ते गेलं कुठं?"

दुसऱ्या दिवशी गॅरेजात ऑइलसाठी पिंप आलं. कागद मात्र शेवंताबाईंनी परत दिला नाही.